पोरगी कितवीला हाय?

"पोरगी कितवीला हाय?"

लग्नाची पत्रिका हातात पडली की आमच्या ताईंचा हा पहिला प्रश्न. तारीख नको, मुहूर्त नको, जेवणाचा बेतही नको. मुलगी कॉलेजात शिकून मोठी झालेली असली, तर ताई पत्रिका कपाळाला लावत. आठवी-नववीतली असली, तर पत्रिका पिशवीत टाकून म्हणत, "येते बराबर." या 'येते'चा अर्थ जालन्यातल्या आमच्या अख्ख्या मस्तगड भागाला ठाऊक होता. त्यामुळे आमच्या गल्लीत ताईंना पत्रिका द्यायची पद्धतच हळूहळू बंद पडली.

ताई आमच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहत. मी फोटोग्राफर. माझं निम्मं पोट लग्नांवर, निम्मं सरकारी कार्यक्रमांवर. म्हणजे दोन्हीकडे लोकांना हसायला सांगायचं.

मार खाल्लेल्या, घरातून काढून दिलेल्या बायका ताईंच्या पायरीवर येऊन बसत. ताई आधी पाणी देत, मग पोलीस ठाण्यात घेऊन जात. एकदा ठाणेदारांना तक्रार लिहून घ्यायला वेळ नव्हता, म्हणून ताई तिथेच बसून राहिल्या. बसल्या म्हणजे नुसत्या बसल्या. त्याबद्दल सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा त्यांच्यावर दाखल झाला. बसलेल्या बाईमुळे सरकारचं एवढं अडतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

पुढे त्याच सरकारने, महिलांच्या हक्कांसाठी धैर्याने लढल्याबद्दल, त्यांना पुरस्कार द्यायचं ठरवलं. निमंत्रण घेऊन आला तो एरवी समन्स आणणारा हवालदारच.

"पुन्हा तारीख लागली का?" ताईंनी विचारलं.

"न्हाई ताई, या वेळेला शाल-नारळ हाय," तो म्हणाला.

खटला मात्र चालूच राहिला. दोन्हींची खाती वेगळी असतात.

घरमालकांनी लगेच गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लावला, 'आमच्या गल्लीची शान'. त्यात ताईंपेक्षा घरमालकांचा फोटो मोठा होता. मीच काढलेला.

पुरस्काराचा कार्यक्रम जालन्यातच होता. 'बालविवाह रोखा' असा भला मोठा पडदा मागे आणि त्याच्यापुढे प्रमुख पाहुणे म्हणून आलेले साहेब. "मी थोडक्यातच बोलतो," साहेब म्हणाले, "कारण पिंपळगाव रेणुकाईच्या पुढे आमच्या एका कार्यकर्त्याच्या मुलीचं लग्न आहे. अक्षता माझ्यासाठी थांबल्यात." मग ते स्त्रीशक्तीवर पाऊण तास थोडक्यात बोलले.

ताईंची पाळी आली. साहेबांनी शाल घातली, नारळ दिला. मी म्हणालो, "साहेब, इकडं बघा." ताईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. माइक अजून चालू होता.

"साहेब, पोरगी कितवीला हाय?"

साहेब फोटोसाठी हसत होते. हसता हसताच म्हणाले, "दहावीला असंल. लई हुशार लेकरू!"

टाळ्यांसाठी आणलेल्या अंगणवाडीच्या बायकांनी उचललेले हात खाली घेतले. साहेबांनी मागे वळून पडद्याकडे पाहिलं, जणू तो आत्ताच कोणी लावला होता.

"मंग चला जल्दी," ताई म्हणाल्या. "मी बी येते."

आणि शाल-नारळासकट त्या खाली उतरून साहेबांच्या गाडीत जाऊन बसल्या. आता सत्कारमूर्तीला गाडीतून उतरवणार कोण? वर्तमानपत्रवाले होते, कॅमेरे होते. दुसऱ्या गाडीत महिला-बालविकासचे अधिकारी आणि मी.

मांडवात बँड वाजत होता. मुलीचा बाप फेटा घेऊन साहेबांच्या स्वागताला धावत आला. साहेबांनी गाडीत बराच विचार केलेला असावा. त्यांनी फेटा बांधून घेतला, माइक मागितला आणि मुलींच्या शिक्षणावर बोलायला सुरुवात केली. बापाला आधी तो आशीर्वादच वाटला. त्याने दोन वेळा टाळ्याही वाजवल्या.

ताई तोवर घरात गेल्या होत्या. मी दारातून पाहिलं. पोरगी मेंदीचे हात मांडीवर ठेवून बसली होती. रडत नव्हती. तिने एवढंच विचारलं, "आता तुम्ही जाताल. मंग मला मारतील का?"

ताईंनी अंगावरची शाल काढली, घडी घातली आणि तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. "मी कुठं चालले? इथंच हाय."

अधिकाऱ्यांनी बापाकडून लिहून घेतलं आणि लग्न मोडलं. नवऱ्याकडचे जेवून गेले, साहेब न जेवता गेले, कॅमेरे साहेबांच्या मागे गेले. ताई राहिल्या. शिव्या खात, त्याच घरात त्या पोरीच्या अंथरुणाशेजारी झोपत त्या काही दिवस राहिल्या. वसतिगृहात जागा मिळाली, तेव्हा तिला घेऊनच निघाल्या. पोरगी दहावीला बसली, गणितात राहिली, पुन्हा बसली. यासाठी अजून तरी कुठला पुरस्कार निघालेला नाही.

लग्न मोडल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मात्र बातमी होती, 'साहेबांनी रोखला बालविवाह'. फोटो माझाच. त्यात ताईंचं कोपर आलं आहे.

यानंतर गल्लीत अनोळखी गाड्या येऊन थांबू लागल्या. घरमालक हात जोडून ताईंकडे गेले. "तुमचा आदर हाय बरं का ताई. पण आमच्या बी घरात लेकीबाळी हायेत."

"म्हणून तर," ताई म्हणाल्या. सामान टेंपोत चढलं, ते 'गल्लीची शान' असलेल्या फ्लेक्सखालूनच गेलं. ताई परतूरला बहिणीकडे राहायला गेल्या.

खोली अजून रिकामी आहे. पत्ता बदलल्याचं सगळ्या बायकांना कसं कळणार? त्या येतात. मी सांगतो, "ताई इथं राहत न्हाईत आता." काही जणी परत जातात. परवा एक आली, कडेवर लेकरू, ओठ फुटलेला. मी नेहमीचं वाक्य बोललो. ती म्हणाली, "मंग मी कुठं जाऊ?" आणि त्या बंद दारासमोर बसूनच राहिली.

माझ्या बायकोने भाकरी टाकायची थांबवली. ताईंना ती आयुष्यभर 'लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी' म्हणत आली होती. पिठाचे हात पदराला पुसत ती बाहेर आली, लेकराला त्या बाईच्या कडेवरून स्वतःकडे घेतलं आणि म्हणाली, "ऊठ. आधी पाणी पी. मंग जाऊ ठाण्यात."