सातविणीचा राखणदार

आमच्या सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात एक सातवीण होती, सप्तपर्णीचं जुनं झाड. भर रत्नागिरी शहरात माझ्या खिडकीतून दिसणारं तेवढंच हिरवं. बाकी समोरच्या बिल्डिंगचे पाइप. निवृत्तीनंतर सकाळचा चहा मी तिच्याकडे बघत घ्यायचो. खरं सांगतो, माणसांपेक्षा तिचाच शेजार मला बरा वाटे.

पार्किंगसाठी ती तोडायचं मीटिंगमध्ये ठरलं. मी एकट्याने विरोध केला.

"काका, तुमच्याकडे गाडी नाही, म्हणून तुम्हाला झाडं सुचतायत," सेक्रेटरी म्हणाले. सगळे हसले. माझं टाळकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे जेवून आडवे झालेले बघून, मी बांधकामातून उरलेला जांभ्या दगडाचा एक चिरा, गावाकडे जागा राखणाऱ्या देवाचा असतो तसा, बुंध्याशी उभा केला, त्याला शेंदूर फासला आणि पुढ्यात नारळ ठेवला.

चार दिवसांनी लांज्याकडचा लाकूडतोड्या आला. चिरा दिसताच त्याने चपला काढल्या. "हितं राखणदार हाय. मी नाय कुऱ्हाड लावनार," म्हणाला आणि हात जोडून परत गेला. शिकल्यासवरल्या लोकांना बरं गुंडाळलं, म्हणून मी घरात पोट धरून हसलो.

मग लोक नारळ ठेवायला लागले. कुणाच्या मुलाचं दुबईचं काम झालं, त्याने बुंध्याला चिकटून सिमेंटचा चौथरा घातला. त्यावर टाइल्स आल्या. पत्र्याची शेड आली आणि शेडच्या आड येतात म्हणून फांद्या गेल्या. मुळांना पाणी मिळत नाही, असं मी सांगून पाहिलं. "देवाच्या कामात खोडा घालू नका, काका!" दगड मीच ठेवलाय, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. लोक हसतील या भीतीने मी ते गिळलं. स्वतःची इतकी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती.

दोन पावसाळ्यांत सातवीण उभी वाळली. शेडवर पडेल म्हणून ती काढायचं ठरलं, पण आधी राखणदाराला गाऱ्हाणं घालायला हवं. वयाने मोठा म्हणून ते माझ्याकडे आलं; बाकीच्यांनी रिवाजाप्रमाणे दर वाक्याला होकार द्यायचा. चिऱ्यासमोर उभा राहिलो, पण नजर वाळक्या बुंध्यावरून हलेना.

"आमच्या हातून मूर्खपणा झाला," मी म्हणालो, "आम्हीच तुझा जीव घेतला."

मागून सगळे एका सुरात ओरडले, "होय महाराजा!"