वाटंतच हाय

"वाटंतच हाय की!" असं म्हणून फोरमन डावा हात झटकायचे. बाहीवर बसलेली माशी उडवावी तसा. ही माशी म्हणजे बहुतेक वेळा तीस-चाळीस किलोमीटरचा फेरा असायचा. तुमच्याही गल्लीत असा एखादा हात झटकणारा असेलच. बघून ठेवा आणि त्याच्या गाडीत चुकूनही बसू नका.

नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत एका कारखान्यात ते फोरमन होते आणि मी स्टोअरला होतो. दोघेही निवृत्त झालो. मी नुसता भाऊ उरलो, ते मात्र फोरमनच राहिले. आमची घरं शेजारी, मध्ये कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवर कोपर टेकून या माणसाने जेवढा प्रवास केला, तेवढा एसटीच्या ड्रायव्हरनेही जन्मात केला नसेल.

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि तेव्हापासून माघ सरला की भंडारदऱ्याचा विषय निघायचा. संगमनेर, अकोले, राजूर असं करत जुन्या रस्त्याने जायचं. मग इंग्रजांच्या वेळच्या त्या धरणाला वळसा घालणारा पाण्याकडेचा रस्ता धरायचा. फाल्गुनात तिकडे पळस फुललेला असतो, पांगारा फुललेला असतो, रतनवाडीचं जुनं देऊळ आहे. "लई सावकाश जायचं, भाऊ. काटा चाळीसच्या वर न्हाई. झाड दिसलं की थांबायचं. सावलीला भाकरी सोडायची, खायची, मग फुडं." ऐकून जीव हरखायचा. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण बोलण्याला चव होती हे मान्य करतो.

पहिल्या वर्षी मी आणि माझी बायको भुललो. आम्ही मागे बसलो, पुढे ते आणि त्यांच्या पत्नी. त्यांना मी वहिनी म्हणतो. वहिनींनी खास पांढरे कापडी बूट घेतले होते. "धरणाच्या कडंनं चालायचं तर चपला काय कामाच्या?" म्हणाल्या. बुटांची लेस बांधता येईना म्हणून दोघी बायका हसत होत्या.

राहुरीला गाडी सरळ जायची ती उजवीकडे वळली.

"हे कुठे?" मी विचारलं.

"सोनईला. आक्काकडं ज्वारीचं पोतं टाकायचंय. वाटंतच हाय." हात झटकला गेला.

नमनालाच घडाभर तेल. त्यांची बहीण दारातच उभी होती. "जेवल्याबिगर जायचं न्हाई," म्हणाली. आम्ही दोघे लिंबाखाली बाजेवर बसलो. चहा आला, पाणी आलं, गावातले दोघे-तिघे आले, ऊस आणि कांदा यांवर चर्चा झाली. वहिनींनी उंबऱ्याबाहेर बूट काढले, पदर खोचला आणि आत भाकऱ्या थापायला बसल्या. त्यांच्या पाठोपाठ माझी बायकोही आत गेली. जेवणं झाली, मग पुन्हा चहा झाला, मग जावयाचा दुखरा गुडघा पाहून झाला. उन्हं उतरल्यावर फोरमन आभाळाकडे बघून म्हणाले, "आता घाटात अंधार हुईल. जाऊ फुडच्या वक्ताला." येताना वहिनी बूट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पायात घातलेच नाहीत.

पुढच्या वर्षी मी शहाणा झालो, गेलो नाही. भिंतीवरून नुसती बातमी घेतली. भंडारदऱ्याला निघालेली गाडी त्या वर्षी कर्जतला गेली. पुतण्याचा साखरपुडा होता. आता कर्जत नगरच्या दक्षिणेला आणि भंडारदरा पार उलट्या दिशेला. हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "तिकडून काय, वाटंतच की." पृथ्वी गोल आहे म्हणून असेल. तिसऱ्या वर्षी कोणाची तरी म्हातारी दवाखान्यात होती, चौथ्या वर्षी कोणाच्या तरी सुनेला माहेरी पोचवायचं होतं. नातलगांनाही चटक लागली होती. फोरमननी गाडी पुसायला घेतली की यांचे फोन सुरू. फुकटचा टेम्पो कोण सोडतो?

एकदा सकाळी वहिनी भिंतीपाशी आल्या. फोरमन घरात नव्हते. माझ्या बायकोला म्हणाल्या, "ह्यांच्या वाटंत पावनं येतात आन् माज्या वाटंत चुली. कुनाचं घर आलं की हे बाजंवर आन् मी आत. एवढा जिल्हा हिंडले, पर मी पाह्यलं काय? समद्यांच्या मोऱ्या." मग म्हणाल्या, "मला एकदा तरी कुनाकडंच न जाता कुठंतरी जायचंय."

माझी बायको आत आली आणि दिवसभर माझ्यावर भडकून होती. माझा काय संबंध, ते मला अजून कळलेलं नाही.

मी फोरमनना छेडलंच. म्हटलं, "अहो, तुमच्या तोंडाला भंडारदरा आणि चाकांना सोनई. बायकोला एकदा सरळ नेऊन आणत का नाही?"

त्या दिवशी त्यांनी हात झटकला नाही. म्हणाले, "भाऊ, गाडी काढली की गल्ली इचारती, कुठं निघाला? नाक्यावर कुनी वळखीचा भेटला की इचारतो, कुठं निघाला? काय सांगू? झाडं बघाया?"

"हो. सांगा तसं."

"झाडं बघाया!" ते कसनुसं हसले. "आमचा बाप उभ्या जन्मात कामाबिगर गावाबाहेर गेला न्हाई. मयत, लगीन, कोर्ट, दवाखाना. रिकामा हिंडणारा मानूस म्हंजी उनाड. निदान एक पोतं असलं मागं की तोंड दाखवता येतं."

म्हणजे बघा. कारखान्यात शंभर माणसांवर ओरडणारा हा गडी, आणि "कुठं निघालात?" या दोन शब्दांना घाबरून वर्षानुवर्षं ज्वारी वाहत होता. मला हसू आलं आणि मी हसलोही. असल्या भित्रेपणाला परोपकार म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे.

मागच्या वर्षी त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. वहिनींनी कोणाला न विचारता ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. फोरमन भिंतीवरून त्यांची गाडी मागेपुढे होताना बघायचे आणि क्लच जळाल्याचा वास आला की डोळे मिटून घ्यायचे. दिवाळीनंतर एका संध्याकाळी मला हाक मारली.

"भाऊ, औंदा जानार. ती चालवनार, मी बाजूला. कुनाकडं न जाता. तिला शबूद दिलाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमी जरा मला इचारा, कुठं निघाला म्हनून."

"कशाला?"

"इचारा तर खरं."

मी विचारलं, "कुठं निघालात, फोरमन?"

त्यांनी छाती पुढे काढली. "असंच," म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि पुटपुटले, "म्हंजी... जरा राहुरीला काम हुतं."

पुढे कितीतरी संध्याकाळी ही तालीम चालली. मी विचारायचो, ते "असंच" म्हणायचे आणि शेपूट हटकून निघायचं. कधी राहुरीला काम, कधी संगमनेरला कोणाला भेटणं. शब्द दिलेला माणूस, पण एक शब्द काही त्याला पेलेना. मी त्यांची यथेच्छ टर उडवली. त्या तालमीची मला सवय झाली होती, हे नंतर कळलं.

पौषात ते गेले. झोपेतच. सोनईचे आले, कर्जतचे आले, सगळा जिल्हा आला. सगळे रडले आणि ते रडणं खोटं नव्हतं. आता ज्वारीचं पोतं कोण आणून टाकणार?

या फाल्गुनात एका सकाळी शेजारची गाडी बाहेर निघाली. वहिनी स्टिअरिंगवर, पायात ते पांढरे बूट. शेजारच्या सीटवर डबा घेऊन माझी बायको बसलेली. मला आदल्या रात्री एवढंच सांगितलं होतं की उद्या जेवण झाकून ठेवीन. सोनईच्या आक्काचा फोन येऊन गेला होता म्हणे, वरीस सरू द्या, लोक काय म्हनतील. वहिनींनी तो ऐकून ठेवून दिला होता.

मी फाटकापाशी गेलो. "कुठं निघालात?" तोंडातून सवयीने निघालंच.

"असंच," वहिनी म्हणाल्या. शेपूट नाही, काही नाही.

मला बरं वाटलं. मग एकदम आठवलं. परसातल्या झाडाच्या शेवग्याच्या शेंगा काढून ठेवल्या होत्या. धावत आत गेलो, पिशवी आणली, खिडकीतून पुढे केली. म्हटलं, "वहिनी, संगमनेरला माझा भाचा राहतो. एवढ्या शेंगा त्याच्या दारात ठेवा फक्त. उतरूसुद्धा नका. वाटेतच आहे."

माझी बायको माझ्याकडे बघत राहिली. वहिनींनी पिशवीकडे पाहिलं, मग भिंतीकडे, जिथे कोपर टेकून टेकून रंग उडाला आहे तिकडे. त्यांचे डोळे भरले, पण हात स्टिअरिंगवरून हलला नाही.

"न्हाई भाऊजी," त्या म्हणाल्या. "आता वाटंत कुनीच न्हाई."

गाडी गेली. सावकाश गेली, कोपऱ्याच्या कितीतरी आधीपासून दिवा लुकलुकवत. मी शेंगांची पिशवी घेऊन फाटकात उभा राहिलो.

फोरमन असते तर पिशवी घेतली असती.