अंतरपाट एकदाच धरतात

विंझरच्या सोमनाथनं बावीस वर्षं आमच्या वेल्हे खोऱ्यातली लग्नं टिपली. पासलीपासून पानशेतपर्यंत कुठल्याही भिंतीवर नवरा-नवरीचा फोटो दिसला, की तो त्याचाच समजावा. मोठा कॅमेरा, त्याला हातभर लांब लेन्स, वर फ्लॅश. एवढं सगळं उजव्या खांद्याला लावून हा माणूस हळदीपासून पाठवणीपर्यंत उभा असायचा.

गेल्या वर्षी तो खांदा गेला. भाताचा घास तोंडापर्यंत जाईना. डॉक्टर म्हणाले, हे वजन सोडा, नाहीतर हात कायमचा जाईल.

मग सोमनाथनं छोटा मिररलेस कॅमेरा घेतला, ओंजळीत मावणारा. पहिला फोटो काढला बायकोचा, नूतनचा. ती तांदूळ निवडत होती, तिला कळलंही नाही.

"अशी हसते व्हय मी?" नूतन फोटो बघून म्हणाली.

"मोठा कॅमेरा बघून माणूस लाकूड होतो गं. बावीस वर्षं म्या लाकडंच टिपली."

आपण योग्य तेच निवडलं, याची त्याला खात्री होती. खोऱ्याला नव्हती. छोटा कॅमेरा पाहून तीन घरांनी दुसरा फोटोवाला बोलावला. मग पासलीच्या आनंदरावांनी लेकीच्या, अश्विनीच्या लग्नाचं काम त्याला सांगितलं. हेही हातचं गेलं तर आपल्याला पुन्हा कोणी बोलावणार नाही, हे सोमनाथला कळत होतं.

हळदीच्या दिवशी त्यानं कॅमेरा काढला, तसा नवरीचा मामा चिमाजी ओरडला, "सोमनाथ, तंबाखूची डबी आणलीस व्हय? मळ की वाईच, आमाला बी दे!"

सगळा मांडव हसला. सोमनाथही हसला. "मामा, आदी फोटू तर बघा."

"फोटू मागनं बघत्यात. आदी माणसं फोटूवाला बघत्यात."

आनंदरावांनी त्याला बाजूला नेलं. "उद्या पुण्याची मंडळी येणार. मोठाच कॅमेरा आण बाबा. माझी तेवढी शोभा राख."

घरी त्यानं मोठा कॅमेरा ठेवलेली ट्रंक उघडली, तेव्हा नूतन म्हणाली, "आन हाताचं काय?"

"एका दिवसाचं तर हाय."

दुसऱ्या दिवशी कोणी हसलं नाही. चिमाजीमामांनी स्वतः गर्दी हटवली. "सरका रं, फोटूवाल्याला वाट द्या!" सोमनाथची मान ताठ झाली. खोटं कशाला सांगू, त्याला बरं वाटलं. दुपारपर्यंत खांद्यात निखारा ठेवल्यागत झालं होतं, पण त्यानं ओझं उतरवलं नाही.

शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. 'सावधान' झालं आणि खांद्यातून बोटांपर्यंत अशी कळ गेली, की हात गळून पडला. कॅमेरा पट्ट्याला लोंबकळला. त्यानं तो डाव्या हातानं सावरला, तोवर अंतरपाट निघाला होता, अक्षता पडल्या होत्या. हार पुन्हा घालून घेता येतात, तसे त्यानं घेतले. अंतरपाट पुन्हा धरता येत नाही.

अश्विनी मांडवपरतणीला माहेरी आली, तेव्हा तो अल्बम घेऊन पासलीला गेला. तिनं सगळी पानं उलटली.

"दादा, अंतरपाट निघाला तवाचा फोटू कुठंय? माजी मान खाली व्हती. ह्यांनी मला कसं बघितलं, ते बघायचंय."

"त्यो न्हाई निघाला, ताई."

तिला ती थट्टाच वाटली. "एवढा मोठा कॅमेरा तुमचा, आन त्योच न्हाई? असंल, चिकटला असंल कुठंतरी."

ती पुन्हा पहिल्या पानापासून शोधू लागली. आनंदरावांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. सोमनाथचा उजवा हात मांडीवरून उठेना, आणि थोरामोठ्यांकडून डाव्या हातानं पाणी कसं घ्यावं? तांब्या तसाच पुढं राहिला, आणि अश्विनी एकेक पान नखानं सोडवून बघत राहिली.