प्रेसकाकांचा गुडघा

आमच्या गल्लीत कोणाची बॅग बंद होत नसली की चेनशी मारामारी करत बसायचं नाही, प्रेसकाकांना बोलवायचं. ते यायचे, चपला दारात काढायचे, आधी बॅगेकडे न बघता बॅग भरणाऱ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "जागा आहेच. हवेनं अडवून ठेवली." मग पायजमा जरासा वर घ्यायचे आणि उजवा गुडघा टेकवायचे. त्या गुडघ्याखाली भल्याभल्या सुटकेसांची तोंडं मिटलेली मी पाह्यली आहेत.

काका हिंगणघाटात एका जिनिंगमध्ये प्रेसवर होते. सरकी काढलेली रुई खोलीभर पसरलेली असायची, ती प्रेसमध्ये जायची आणि बाहेर यायची ती लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली, टेबलाएवढी गाठ. दिवसभर हेच काम करणाऱ्या माणसापुढं चार साड्या अन् एक स्वेटर म्हणजे काय! त्यांचं खरं नाव फक्त रेशनकार्डाला माहीत होतं.

बॅग भरायची त्यांची पद्धत ठरलेली. पहिले सगळं बाहेर काढायला लावायचे. घरच्या बाईनं दोन तास खपून भरलेली बॅग पलंगावर उलटी झाली की तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. काका मात्र कपबशी हातात घेऊन चहा संपेपर्यंत त्या ढिगाकडे बघत बसायचे. मग बुटात मोजे, मोज्यात बांगड्या, स्टीलच्या डब्यात रुमाल, आणि साड्यांच्या अशा घट्ट गुंडाळ्या की लाटणंच वाटावं. रिकामा डबा दिसला की त्यांना अपमान झाल्यासारखं व्हायचं. "डब्यात काय नेऊन राह्यले? हवा? थे तं तिकडंही भेटते."

फक्त एक भानगड होती. काकांनी भरलेली बॅग दुसऱ्या कोणाला परत भरता यायची नाही. आमच्या गल्लीतली माणसं जाताना एक बॅग घेऊन जायची आणि येताना तीच बॅग अन् वर तीन पिशव्या घेऊन यायची. वडनेरला दिलेली एक पोरगी पहिल्या सणाला माहेरी आली ती दोन गाठोडी बांधूनच. सासू म्हणे विचारत होती, तुमच्याकडं बॅग भरायला मशीन आहे का. काकांना हे सांगितलं तर ते आठवडाभर ताठ मानेनं चालले.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण पुढचा घोटाळा माझ्यामुळे आहे. मला लहानपणापासून नकला करायचा नाद. भाजीवाली, हेडमास्तर, बसचा कंडक्टर, सगळे माझ्या गळ्यात राह्यला होते, भाडं न देता. काका मला 'टेप' म्हणायचे. मी भिंतीआडून त्यांच्या मॅनेजरच्या आवाजात हाक मारायची आणि काका घास टाकून उठायचे. पायात चपला घालून झाल्यावर त्यांना कळायचं. "टेप, तू एक दिवस मार खाशीन," म्हणायचे आणि परत ताटावर बसायचे. मार कधी दिला नाही.

एकदा मात्र मी हद्द केली. काकांची एकुलती एक पोरगी, शुभाताई, नागपूरला नर्सिंग शिकत होती. फोन आमच्याच घरी होता, तिचे निरोप आमच्याकडेच यायचे. मी काकांच्या दारात पडद्यामागं उभी राहिले आणि शुभाताईच्या आवाजात म्हटलं, "बाबा, मी पास झाली." काका फोनचं वगैरे विसरूनच गेले. ती घरी आली समजून धावत बाहेर आले, आणि मी दिसले. हसायलाही वेळ मिळाला नाही, इतकं त्यांचं तोंड पडलं. ताई चार दिवसांनी खरोखर पास झाली, पण काकांनी तो निरोप माझ्याकडून घेतला नाही. माझ्या आईकडून दोनदा वदवून घेतला, मगच साखर वाटली.

दोनेक वर्षांनी ताईला आयर्लंडच्या दवाखान्यात नोकरी लागली. दोन हजार पाचचा डिसेंबर असेल. तिकडं थंडी फार, हे कळल्यावर काकांनी पहिल्या वेचणीचा कापूस आणला, स्वतः पिंजाऱ्याजवळ बसून रजई भरून घेतली. जाड, पांढरी, माणूस आत हरवेल अशी. ताई म्हणाली, बाबा, ही नेली तर कपडे अंगावर घालूनच जावं लागेल. काका म्हणाले, मी आहे ना.

पण त्या रजईनं काकांचा गुडघाही मानला नाही. दाबली की दबायची, गुडघा उचलला की उठून बसायची. काका दोन दिवस तिच्याशी झटले. तिसऱ्या दिवशी ताईच्या मैत्रिणीनं नागपुराहून जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या पाठवल्या. कपडे आत घालायचे, तोंड बंद करायचं, आणि एका गोल भोकाला झाडू मारायच्या मशीनचा पाइप लावून हवा ओढून घ्यायची. मला वाटलं, काकांना राग येईल. इतक्या वर्षांच्या गुडघ्याची इज्जत गेली. काकांनी पिशवी उजेडात धरली, ते भोक बोटानं उघडझाप करून पाह्यलं आणि हळूच म्हणाले, "लय विचार केला बा कोणीतरी. माह्यावानीच डोकं आहे याचं."

तसलं मशीन गल्लीत कोणाकडंच नव्हतं. मी कॉम्प्युटर क्लासला जायची, तिथं कीबोर्डातली धूळ ओढायचं एक होतं. ते मागून आणलं. पाइप लावला, रजई आकसायला लागली, सगळी गल्ली दारात उभी, आणि अर्ध्यावर लाइट गेली. लोडशेडिंगची वेळ कोणाच्याच ध्यानात नव्हती. पिशवी तशीच, अर्धी फुगलेली. काकांनी पाइप काढला, भोकावर अंगठा ठेवला आणि पायजमा वर घेतला. दूरच्या टोकाकडून गुडघा सरकवत आणला. दाबलं की अंगठा उचलायचा, हवा फुस्सकन बाहेर, की परत अंगठा. मशीनकडून जे अर्धं राहिलं ते त्या गुडघ्यानं पुरं केलं. रजई पोळपाटासारखी चपटी झाली.

जागा मोकळी झाली म्हणताच काकू लोणचं, तिखट, मुगवड्या घेऊन धावल्या. काकांनी हात आडवा केला. "हवा निघाली, वजन नाई निघालं." रद्दीवाल्याचा ताणकाटा आणून बॅग टांगली आणि लोणच्याची बरणी बाहेर राहिली. काकू दोन तास बोलल्या नाहीत.

सगळे गेले तरी काका त्या चपट्या रजईसमोर बसून होते. मी मशीन परत न्यायला आले होते. ते ताईला विचारत होते, "पण हे वापस फुगन का?"

ताई म्हणाली, पाकिटावर तसं लिहिलं आहे.

"पाकिटावर लिहिणाऱ्यानं कधी रजई भरली का?" मग म्हणाले, "पोरी, एवढ्या गाठी दाबल्या म्या. पण खुलताना एकही नाई पाह्यली. ट्रक गेला का गेला. तिकडं जाऊन रुई वापस रुई होते का तशीच दगडावानी राह्यते, मले मालूम नाई."

गाठी खोलणारी सूतगिरणी आमच्या गावातही होती, पण काकांच्या गाठी कुठं दक्षिणेकडं जायच्या. विचारायला कोण जाणार! काका म्हणाले, "पोचली का पहिले रजई खोलजो. जेवण मंग. अन् फोन करजो, फुगली का नाई थे सांग. बाकी काई नाई सांगितलं तरी चालते."

ताई गेली. काका रोज कामावर जाताना आमच्या खिडकीशी थांबायचे. आला का, एवढंच विचारायचे. पहिल्या दिवशी पोचल्याचा फोन आला तो काकूंनी घेतला, पण बॅगच वाटेतल्या विमानतळावर मागं राहिली होती. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी काका खिडकीशी थांबले, पण काहीच न विचारता पुढं गेले.

त्याच दुपारी फोन वाजला. मी एकटी घरी होते. तिकडून बोलायला पैसे फार, म्हणून ताई एका दमात बोलली आणि फोन ठेवला. मी तशीच सायकल काढली.

जिनिंगमध्ये प्रेस चालू होता. काकांच्या भुवयांवर, कानांवर रुईचे तंतू बसलेले. मी धापा टाकत समोर उभी राहिले आणि सवयीनं, देवाशप्पथ सवयीनं, ताईच्याच आवाजात म्हटलं, "बाबा, फुगली."

काकांनी माझ्याकडं पाह्यलं. मी पडद्यामागून निघाले होते तेव्हाचं तेच पडलेलं तोंड. रागावले नाहीत. परत प्रेसकडे वळले आणि पाठ तशीच ठेवून म्हणाले, "टेप, हे नको करू. तुह्या आवाजात सांग."

माझा आवाज मलाच नीट माहीत नव्हता. निघाला तो बारीक, चिरका, प्रेसच्या आवाजात ऐकूही न जाणारा. मी जवळ जाऊन सांगितलं, "काकाजी, खरंच फोन आलता. आज बॅग भेटली ताईले. रजई खोलून ठेवली अन् बाजूले बसून राह्यली. जेवली नाई. पहिले मधात फुगली. कोपरे लय वेळ चपटेच होते. मंग कोपरेही फुगले."

"कोपरे मागून?"

"हाव."

एवढं मला बनवून सांगता आलं नसतं, हे त्यांना कळलं असावं. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, नुकत्याच निघालेल्या गाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "कोपरे मागूनच फुगन. म्या तिथं जास्त दाबली होती."

काका आता नाहीत. त्यांची नक्कल मी अजूनही करते, गुडघ्यासकट, आणि गल्ली हसते. पण त्या हिवाळ्यानंतर मी त्यांना जे करताना पाह्यलं, त्याची नक्कल मला जमत नाही. गाठी भरलेला ट्रक जिनिंगच्या फाटकातून निघाला की काका प्रेस सोडून बाहेर यायचे, आणि तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत हात वर करून उभे राहायचे. आधी कधी करत नसत.