काटेसावरीच्या उजवीकडे

आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ शनिवार पेठेतून हडपसरला येऊन जमाना झाला, पण बोलणं अजून पेठेतलंच आहे. वसंतात सोसायटीच्या फाटकाजवळची काटेसावर लाल फुलांनी भरली की ते गळ्यात कॅमेरा अडकवून बाहेर येतात. दर वर्षी त्या झाडाखाली ते मुलीचा फोटो काढायचे. मुलगी नोकरीसाठी जर्मनीला गेली, तेव्हापासून मला बोलावतात.

"अहो, जरा झाडाखाली या. उंचीचा अंदाज यायला माणूस लागतो."

मी उभा राहतो.

"डावीकडे सरका. हसू नका, फोटो झाडाचा आहे."

मला वाटायचं, उजवीकडे ऊन येत असेल.

गेल्या वर्षी त्यांच्याकडे आमची किल्ली ठेवायला गेलो, तर हॉलच्या भिंतीवर सगळे फोटो ओळीनं लावलेले. आईच्या कडेवरची मुलगी, दप्तरवाली मुलगी, पदवीच्या झग्यातली मुलगी आणि त्यापुढे एकदम मी, टकलासकट. मुलगी प्रत्येक फोटोत खोडाच्या उजवीकडे होती. माझ्या फोटोंत ती जागा रिकामी होती.

"ती आली की तुम्ही मोकळे," किल्ली खिळ्याला अडकवत ते म्हणाले.

यंदा सावर फुलली तेव्हा मी न सांगताच डावीकडे जाऊन उभा राहिलो. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि परत खाली घेतला.

"अजून सरका," मग म्हणाले. "तिचं लग्न ठरलंय."