माझं नाव घातलेली पेटी

आमच्या घरात नवीन वस्तू आली की आई आधी तिच्यावर नाव घालून आणते आणि मगच ती वापरायला काढते. साताऱ्याकडची सवय. गावाला लग्नकार्यात ताटंवाट्या या घरातून त्या घरात जातात आणि परत येताना हमखास बदलतात, म्हणून प्रत्येक भांड्यावर नाव. इथे नेरूळच्या दीड खोलीतून भांडी कुठे जाणार आहेत? पण नाही म्हणजे नाही. माझी भातुकली आणली तेव्हा तिने भांडीवाल्यासमोर उभं राहून पळीपासून बोटभर कुकरपर्यंत सगळ्यावर माझं नाव कोरून घेतलं. कॅरमच्या पाठीवर बाबांनी ऑइलपेंटने लिहिलं. बाहुलीच्या तळपायावर मार्करने. आमच्या मजल्यावरच्या गॅलरीत सगळी पोरं एकत्र खेळायची, कुणाचं काय कुणाकडे जाईल नेम नाही, असं आईचं म्हणणं. तिचं चुकलं नव्हतं. माझं एकही खेळणं कधी हरवलं नाही.

मी तेरा वर्षांची असताना बहीण झाली. तोवर माझी खेळणी किचनवरच्या सिमेंटच्या माळ्यावर गेली होती, तीन पोत्यांत. बाबा वाशीच्या मार्केटात माथाडी, त्यामुळे घरात पोत्यांना तोटा नाही. ती पोती कांद्याची होती. बहीण रांगायला लागली तशी आईने एकेक पोतं खाली काढलं आणि पोरीच्या हातात जे पहिलं खेळणं आलं त्याला कांद्याचा वास होता. मी शाळेतून येऊन बघते तर माझंच बालपण चटईवर पसरलेलं. मला गंमत वाटली होती तेव्हा, खोटं कशाला बोलू. मी फोटोही काढले.

गंमत संपली ती दुसरीत गेली तेव्हा. एक दिवस भातुकलीची कढई डोळ्यांजवळ धरून तिने माझं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं. मग झारा वाचला. मग ताटली. सगळी भांडी वाचून झाल्यावर आईला विचारलं, माझं नाव कशावर आहे? आई भाकरी थापत होती. तुझं कशाला पायजे, घरातलंच हाय की, असं म्हणून तिने विषय संपवला. दुसऱ्या दिवशी पोरगी कंपासच्या टोकाने कढईवरचं नाव खरवडताना सापडली. आईने कढई काढून घेतली आणि वर ऐकवलं, नीट खेळ, उद्या ताईच्या पोरांना होतील. माझ्या पोरांना! लग्नाचा पत्ता नाही, आणि ही बया माझ्या पोरांसाठी खेळणी राखत होती. म्हणजे माझं जुनं बहिणीला मिळालं होतं असंही नाही. मधल्या काळात तिने फक्त सांभाळायचं होतं.

त्या घरात मीही काही मजेत नव्हते. सकाळी महापेच्या ऑफिसला जायचं, संध्याकाळी येऊन हिचा अभ्यास घ्यायचा, शाळेच्या मीटिंगला मी, डॉक्टरकडे मी. बाबा दमून येतात, आईला फॉर्म भरता येत नाहीत, म्हणजे उरले मीच. रात्री एकाच पलंगावर ती भिंतीकडे, मी कडेला. कुशीवर वळायचं तरी तिला विचारून वळायचं. कधी कधी असा वैताग यायचा की कपाटावर डोकं आपटावं. पण कपाटही आईचं.

तिचा दहावा वाढदिवस जवळ आला आणि मी ठरवलं, या वेळी काहीतरी नवंकोरं आणायचं. फक्त तिचं. आईला सांगितलं आणि पस्तावले. कॅरम म्हटलं, हाय की माळ्यावर. सायकल, हाय की, चेन तेवढी बसवून घे. बाहुली, बॅडमिंटन, लगोरी, पत्ते, सगळ्याला हाय की. खेळण्यांच्या दुकानात दोनदा गेले. जे हातात घेईन त्याचा जुना अवतार आमच्या माळ्यावर होता. हे नेलं तर आई काय म्हणेल ते दुकानातच ऐकू यायला लागलं. शेवटी कंटाळून पोरीलाच विचारलं, तुला काय हवं?

तिने जराही विचार केला नाही. "जे तुझ्याकडे कधीच नव्हतं ते."

आता आली का पंचाईत! जे होतं ते सगळं पोत्यांत बांधून ठेवलेलं, पण जे नव्हतं ते कुठे शोधायचं? चार-पाच दिवस ऑफिसात काम सोडून मी तेच आठवत बसले. मग सापडलं. मी बारा वर्षांची असताना एक डायरी लिहायचे आणि ती ज्वारीच्या डब्यात तळाशी लपवायचे. आईला ती दळणाच्या दिवशी सापडली. तिने वाचली, मावशीला फोनवर वाचून दाखवली, दोघी हसल्या. काही वाईट नव्हतं त्यात, वर्गातल्या एका मुलाबद्दल दोन ओळी. पण त्यानंतर मी डायरी लिहिली नाही. माझ्याकडे कधीच नव्हतं ते हे. कुलूप.

शिरवण्याच्या बाजूला एक जुनं भांड्यांचं दुकान आहे. तिथे मला स्टीलची पेटी मिळाली, दप्तराएवढी, कडीकोयंड्याची. सोबत पितळी कुलूप, दोन चाव्या. मी उघडून बघितली, लावून बघितली, खट्ट आवाज आला आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. दुकानदाराने कोरायचं मशीन हातात घेतलं. भेट द्यायची का, म्हणाला. हो म्हटलं. कुणाकडून घालू? मी माझं नाव सांगितलं, आडनावासकट. त्याने झाकणावर ठळक कोरलं. आडनावातली वेलांटी बरोबर आली का तेही मी वाकून तपासलं, आणि छान आलंय म्हणाले.

कुणाला हे खरं वाटणार नाही. पण आमच्यात भेटीच्या भांड्यावर देणाऱ्याचंच नाव असतं. आमच्या घरातला हंडा मामाकडून आहे, परात आत्याकडून, आणि तसं त्यांच्यावर लिहिलेलं आहे. कुणाकडून असं विचारलं की तोंडातून आपलं नाव निघतं. डोकं लागतच नाही.

वाढदिवसाला आईने औक्षण केलं, मी पेटी पुढे ठेवली. पोरगी वेडी झाली. कुलूप लावलं, काढलं, लावलं. एक चावी गळ्यात घालून गॅलरीत मिरवून आली. मग परत बसली आणि दुकानदाराने झाकणावर चिकटवलेला रंगीत कागद सोलून काढला. मी तिच्याकडेच बघत होते. तिचं बोट पहिल्या अक्षरावर टेकलं तेव्हा मला माझी चूक दिसली. तोवर, देवाशपथ, मला कळलंच नव्हतं.

"ही पण तुझीच?" तिने विचारलं.

मी भडाभडा समजावलं, देणाऱ्याचं नाव असतं, पेटी तुझीच आहे. आईनेही री ओढली, रीतच हाय तशी. पोरीने मान डोलावली. गळ्यातली चावी काढून पेटीवर ठेवली आणि पेटी पलंगाखाली सरकवली.

आठवडाभर ती पेटी तिथेच होती. पोरीने तिच्यात एक खोडरबरसुद्धा ठेवला नाही. मग एका संध्याकाळी मी घरी आले तर आईच्या जुडग्यात पितळी चावी. पेटीत गॅसचं पुस्तक, लाइटची बिलं, रेशनकार्ड. माझं डोकंच फिरलं. दारं उघडी, शेजारी ऐकतायत, तरी मी तोंडाला येईल ते बोलले. या घरात कुणाचं म्हणून काही राहू देणार आहेस का, विचारलं. आई शांतपणे म्हणाली, रिकामी पडली होती, ती कुठं वापरत होती? आणि ते खरंच होतं, म्हणून मी आणखीच चिडले.

कागद बाहेर काढले, पेटी उचलली आणि तडक दुकान गाठलं. नाव काढून द्या म्हटलं. दुकानदार म्हणाला, कोरलेलं निघत नाही, घासायला गेलो तर पत्रा जाईल. पाहिजे तर खाली धाकटीचं नाव घालून देतो. मला ते पटलं. पण या वेळी तिला विचारूनच घालायचं असं ठरवून मी पेटी तशीच घरी आणली.

ती पलंगावर पाय दुमडून बसली होती. मी शेजारी बसून सांगितलं, तुझं नाव घालू या, माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"ताई, मला काही देऊ नकोस," ती म्हणाली. रडत नव्हती, रागावलीही नव्हती. "तुझं आहे ते तेवढं घेऊन जा."

"कुठे नेऊ?"

तिने खरोखर जागा शोधली. आईचं कपाट बघितलं, बाबांची खुंटी बघितली, आम्ही दोघी बसलो होतो तो पलंग बघितला.

"म्हणजे तुझं पण इथे काहीच नाही," ती म्हणाली.

मी तिच्यावरच खेकसले, उद्या पेपर आहे, अभ्यासाला बस म्हणून. ती निमूट उठून बसली.