माहेरच्या नावावरचा शोधनिबंध

मुलाखतीत अध्यक्षांनी माझ्यासमोर माझाच शोधनिबंध धरला आणि म्हणाले, "मॅडम, असं काम करा. या बाईंनी भोसरीच्या प्रेस शॉपमधल्या, पत्रे ठोकणाऱ्या कामगारांचे कान तपासलेत. जगभरचे डॉक्टर त्यांचा संदर्भ देतात. तुमच्या नावावर असं काय आहे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर, त्या बाई मीच," मी म्हणाले.

पिंपरीच्या आमच्या मेडिकल कॉलेजात प्राध्यापकपदासाठीची ही मुलाखत. पद मिळणार की नाही हे ठरणार होतं छापलेल्या लेखांवर, आणि इतरांनी त्यांचा किती वेळा संदर्भ दिला त्यावर. माझा गाजलेला लेख हा एकच. त्यासाठी मी शिफ्ट सुटायच्या वेळी भोसरीच्या वर्कशॉपांच्या दारात कान तपासायचं मशीन घेऊन उभी राहायचे. "कमी ऐकू येतंय हे मालकाला सांगू नका बाई, काढून टाकंल," एक जण म्हणाला होता. तरीही तो तपासून घ्यायला बसला होता.

लेख छापला तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. मग लग्नात, आमच्यात करतात तसं, नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. वडिलांचं नाव आणि आडनाव तर गेलंच, माझं स्वतःचं नावही गेलं. नवं नाव सासरच्यांनी निवडलेलं, मला ते त्या ताटातच दिसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढं आधार कार्ड, कॉलेजचं ओळखपत्र, सगळ्यावर तेच चढलं. नंतरचे लेखही त्याच नावानं छापले गेले. संगणकाच्या लेखी आम्ही दोघी झालो, एक नावाजलेली आणि एक सुमार.

मी नावबदलाचं गॅझेट पुढं केलं. अध्यक्षांनी ते उलटंपालटं करून परत दिलं. "हे सरकारचं झालं. आम्ही लेखावरचं नाव धरतो." शेजारचे सर हसून म्हणाले, "लग्नानंतर लिहायला वेळ मिळाला नसेल मॅडमना." हसले! आणि मी दात आवळून "थँक यू सर" म्हणत बाहेर आले.

पद गेलं. लेखन अपुरं, असा शेरा आला. दोन्ही नावं एकत्र जोडा, असं मी लेखांचे संदर्भ मोजणाऱ्या संकेतस्थळाला कळवलं होतं. कुणी उत्तरसुद्धा दिलं नाही.

परवा चाकणच्या कामगारांवरचा नवा लेख पाठवायला बसले. लेखकाच्या नावाच्या चौकटीपाशी हात थांबला. नवरा मागून म्हणाला, "आता परत नाव बदलू नकोस हं. अजून घोळ होईल. इतक्या वर्षांचे लेख वाया जातील."

त्याचं खरं होतं, म्हणून तर जास्तच राग आला. कुठलंही नाव लिहिलं तरी माझी काही वर्षं दुसऱ्या बाईच्या खात्यावर जाणार होती.

"मग कुठली वर्षं घालवायची ते मी ठरवते," मी म्हणाले, आणि आईवडिलांनी ठेवलेलं नाव टाइप केलं.